परतीच्या खुणा

ब्लाझेना गेल्याचं वोयताला कळलं तेव्हा त्याच्या हातात पिवळ्या रंगाचा ब्रश होता. चौदा एप्रिल, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. सेंट अ‍ॅनाच्या चॅपेलजवळच्या पाइनवर तो नव्या वाटेची शेवटची खूण रंगवत होता. वरचा पांढरा पट्टा झाला होता, खालचा पांढरा झाला होता, मधला पिवळा निम्म्यावर आला होता. फोन हॉस्पिटलमधून होता. नर्सनं त्याला आधी बसायला सांगितलं. बसण्यासारखं तिथं काही नव्हतं, म्हणून त्यानं उभ्यानंच ऐकलं. मग फोन खिशात टाकला आणि पट्टा पुरा केला. अर्धी खूण सोडायची नाही, असं ब्लाझेना म्हणायची. लोकांना वाटतं, वाट इथंच संपली.

त्याला रंगवायला पाठवलं होतं तिनंच. आदल्या संध्याकाळी म्हणाली होती, "इथं बसून माझ्या नाडीकडे काय बघत बसलायस? जा, चॅपेलपर्यंत उरकून ये. उद्या ऊन आहे, रंग सुकेल."

वोयता पेशेक आणि त्याची बायको ब्लाझेना चौतीस वर्षं वाटखुणा रंगवत होते. लिपकोव स्टेशनपासून हाव्रानोवच्या पडक्या किल्ल्यापर्यंत बारा किलोमीटरची पिवळी वाट त्यांच्याकडे होती. दर तीन वर्षांनी सगळ्या खुणा नव्यानं करायच्या. पदभ्रमण क्लबकडून रंग, ब्रश आणि साल खरवडायची पट्टी मिळे. पगार नाही. पाव, डुकराची चरबी आणि लोणच्याच्या काकड्या घरच्या.

मग सालीखालच्या किड्यानं लिपकोवच्या बाजूचं स्प्रूसचं सगळं रान खाल्लं. एका हिवाळ्यात चार किलोमीटरची झाडं आडवी झाली आणि त्यांच्यावरच्या खुणाही लाकडाच्या गाड्यांतून निघून गेल्या. क्लबचं म्हणणं पडलं, पिवळी वाट आता डांबरी रस्त्यावरून न्या. ब्लाझेना म्हणाली, "डांबरावर चालायला माणसं गाडीतून उतरतील कशाला?" तिनं जुन्या जमिनीच्या नकाशावर मीठवाल्यांच्या गाड्यांची एक वाट शोधून काढली. कोपनीना टेकडीवरून, ओक-पाइनच्या रानातून, एका दगडी क्रूसाजवळून चॅपेलपर्यंत जाणारी. हा क्रूस पाचशे वर्षांपूर्वी कुणा खुन्यानं प्रायश्चित्त म्हणून बसवलेला. तोही काटेरी झुडपांत आडवा पडला होता, तो तिलाच सापडला. दोन वर्षं ती रानांच्या मालकांच्या दारी फिरली आणि सगळ्यांच्या सह्या आणल्या.

शेवटी क्लबच्या विभागाचे तपासनीस स्लावीक यांनी पत्र पाठवलं. नवी वाट रंगवा. मे महिन्यातल्या वसंत-पदयात्रेत मी स्वतः चालेन. माणसं न चुकता पार झाली तर वाट नव्या नकाशात जाईल. नाहीतर डांबरी रस्ता.

नकाशा आठ-दहा वर्षांनी एकदा निघतो. ही वेळ हुकली की ब्लाझेनाची वाट पुन्हा झुडपांत जाणार, हे वोयताला ठाऊक होतं. दफनानंतरचे पाच आठवडे त्यानं त्या एका शनिवारकडे डोळे लावून काढले.

शनिवारच्या आदल्या संध्याकाळी रेल्वेची सूचना आली. रुळांचं काम आहे, दुपारपर्यंत गाड्या लिपकोवला येणार नाहीत, हाव्रानोवलाच थांबतील.

पदयात्रेचं सगळं यार्मिला बघायची. स्टेशनासमोरचा बिअरखाना तिचाच. तिनं टेबलावर थाप मारली. "म्हणजे देवच माझ्या बाजूचा! दरवर्षी माणसं माझ्या दारातून निघतात आणि हाव्रानोवला जाऊन दुसऱ्याची बिअर पितात. या वर्षी तिकडून सुरू, इकडे शेवट. काय म्हणतोस, वोयता?"

"वाट तीच. खुणा त्याच," वोयता म्हणाला. त्याला उलट बरंच वाटलं. ब्लाझेनाची नवी वाट शेवटाला येणार, म्हणजे लोकांच्या डोक्यात तीच राहणार.

शनिवारी उजाडलं ते लख्ख. आठ वाजता हाव्रानोवहून द्राहोशचा फोन आला. द्राहोश हा निवृत्त पोस्टमन, यात्रा सुरू करून द्यायचा मान त्याचा.

"दोनशे चाळीस माणसं!" तो ओरडत होता. "कुत्री वेगळी. किल्ल्याच्या बुरुजाखाली उभं राहायला जागा नाही. आणि तुझा स्लावीक वही घेऊन आलाय, बदकासारखी मान ताठ. निघालो आम्ही!"

वोयताच्या अंगात पाच आठवड्यांनी पहिल्यांदा जोर आला. यार्मिलानं त्याच्या हातात 'शेवट' असं लिहिलेलं कापड दिलं आणि रानाच्या तोंडाशी बांधायला पिटाळलं. त्यानं ते दोन झाडांमध्ये ताणून बांधलं. मग त्याला वाटलं, चालत येणाऱ्याला हे कसं दिसेल ते बघावं. तो वाटेनं शे-दोनशे पावलं रानात गेला आणि मागं वळला.

झाडं कोरी होती.

तो पुन्हा पुढे गेला, झाडाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला आला. खूण होती. त्याच्याच हाताची, सरळ, पांढरी-पिवळी-पांढरी. अलीकडे आला. नुसती साल. दुसरं झाड बघितलं. तिसरं बघितलं. तिथंही नुसती साल.

खूणकरी नेहमी जोडीनं काम करतात. पुढचा जाणाऱ्यांच्या खुणा करतो, मागचा येणाऱ्यांच्या. चौतीस वर्षं वोयता पुढे होता. झाडाची दुसरी बाजू ब्लाझेनाची. यंदा तो एकटाच रंगवत गेला, आणि दुसरी बाजू त्याच्या मनातच आली नाही. अहवालावर दुसरी सही लागते म्हणून द्राहोशनं बिअरखान्यात बसून ती ठोकली होती. आणि आज दोनशे चाळीस माणसं दुसऱ्या बाजूनं येत होती.

वोयता अठ्ठावन्नाव्या वर्षी जसा धावला नसेल तसा अडुसष्टाव्या वर्षी धावला.

"यार्मिला! परतीच्या खुणा नाहीत!"

ती पिंप उतरवत होती. "नाहीत म्हणजे? कुणी चोरल्या?"

"मी केल्याच नाहीत. चॅपेलपासून इथपर्यंत एकही नाही!"

यार्मिलानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. ती ब्लाझेनाची शाळेपासूनची मैत्रीण. "अरे माझ्या देवा," ती म्हणाली, "ब्लाझेना असती तर तुझे कान ओढले असते. रंग कुठंय?"

"तळघरात."

"आण. गाडी काढते. सुनबाई! नळाकडे बघ! आणि कुणालाही फुकट पाजू नकोस, मेयरलासुद्धा!"

पिंपांची गाडी डांबरी रस्त्यानं उडत निघाली. मागे दोन रिकामी पिंपं एकमेकांवर आपटत होती. वोयता मांडीत दोन डबे घट्ट धरून बसला होता आणि मोठ्यानं हिशेब करत होता. जोरात चालणारे चॅपेलला सव्वानऊनंतर पोचतील. स्लावीक पावणेदहाला. आपण नऊला. म्हणजे पुढच्यांपेक्षा वीस मिनिटं, स्लावीकपेक्षा पाऊण तास. चार किलोमीटर, पंचवीस झाडं. एकेक झाड खरवडायलाच तीन मिनिटं लागतात.

"जमेल?" यार्मिलानं विचारलं.

"नाही."

"मग गाडी अजून जोरात हाकते," ती म्हणाली.

चॅपेलपाशी उतरले तेव्हा घंटेचे नऊ ठोके पडत होते. यार्मिलानं एप्रनला गाठ मारली. "मी पांढरा, तू पिवळा. बोल, कुठलं झाड?"

वोयतानं खरवडायची पट्टी काढली आणि हाव्रानोवकडून येणाऱ्या माणसासारखा उभा राहिला. असा तो इथं कधीच उभा राहिला नव्हता. वाट त्याला अनोळखी वाटली. उजवीकडे एक पाइन होता. तो जवळ गेला. छातीच्या उंचीवर तळहाताएवढी चौकोनी जागा आधीच खरवडलेली होती. साल गुळगुळीत, तांबूस, हिवाळ्यात थोडी काळवंडलेली.

तो बघतच राहिला. ऑक्टोबरात ते दोघं वाट आखायला आले होते. तो पुढे झाडं मोजत, फांद्या छाटत चालला होता आणि मागून सारखा खर्र-खर्र आवाज येत होता. तो वैतागून म्हणालाही होता, "आत्ताच कशाला खरवडतेस? वसंतात करू की." ती म्हणाली होती, "वसंतात मला दम लागेल." तो ते विसरून गेला होता.

"उभा काय राहिलास पुतळ्यासारखा?" यार्मिला ओरडली.

"तिनं करून ठेवलंय," वोयता म्हणाला. "यार्मिला, तिनं सगळं खरवडून ठेवलंय! नुसता रंग लावायचा!"

"मग लाव की, बाबा!"

आणि ते सुटले. यार्मिला पुढे पळायची, वर-खाली दोन पांढरे पट्टे ओढायची आणि पुढच्या झाडाकडे धावायची. वोयता मागून मधला पिवळा भरायचा. साचा लावायला वेळ नव्हता. पांढरा ओला असतानाच पिवळा लागत होता, कडा मिसळत होत्या, ओघळ येत होते. एरवी अशा खुणेवर त्यानं स्वतःच थुंकून पुसलं असतं. आज दर चौकोन सापडला की त्याच्या तोंडून आवाज फुटत होता. "हा बघ! तो बघ, ओकवर! पुढे, पुढे!"

"बघितला! मी काय आंधळी आहे?" यार्मिलाचं नाक पांढरं झालं होतं.

जुन्या दगडखाणीपाशी वाट फुटत होती. इथं वोयताला खात्री होती, खूण डावीकडच्या मोठ्या पाइनवर हवी. पण पाइन कोरा होता. तो भोवती फिरला. चौकोन नव्हता.

"इथं राहिलं तिचं," तो म्हणाला आणि पट्टी काढून खरवडायला लागला.

"थांब," यार्मिला म्हणाली. ती उजव्या फाट्यावर वीस पावलं पुढे गेली होती. "इथं आहे. बारक्या ओकवर."

वोयता तिथं गेला, वळला, परत मागे आला, पुन्हा बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं. जाताना हा फाटा लक्षातही येत नाही. येताना मात्र डावा फाटा रुंद दिसतो, आणि जो येईल तो बिनधास्त डावीकडे जाऊन खाणीत उतरेल. पाइनवरची खूण बघून माणूस पाइनच्या बाजूला वळला असता. ओक उजव्या फाट्यात आत होता, पण नजर थेट त्याच्यावरच जात होती.

"चौतीस वर्षं," वोयता म्हणाला, "मी समजत होतो मी रस्ता दाखवतोय आणि ती माझ्या मागे येतेय."

"ते नंतर समज. आवाज येतायत."

खरंच मागून आवाज येत होते. काठ्यांची टकटक, हसणं, एक कुत्रं. दोघांनी डबे उचलले आणि पळाले. सतरावं झाड, अठरावं झाड. विसाव्या झाडाला त्यांना पहिल्या दोघींनी गाठलं. ब्र्नोहून आलेल्या सख्ख्या बहिणी, साठीच्या पुढच्या, लाल टोप्या घातलेल्या.

"काका," धाकटी म्हणाली, "आम्ही वाटेवर चालतोय की तुम्ही आमच्यापुढे वाट अंथरताय?"

"हात नका लावू! ओलं आहे!"

"लागला," थोरली म्हणाली आणि पिवळा तळवा दाखवला. "मागच्या झाडाला टेकले होते. माझ्या मागे तीस जणांचं तसंच झालंय. कुत्र्याला तर शेपटीपर्यंत पट्टा आहे."

"कुणी चुकलं नाही ना?"

"चुकणार कसं? इतका ओला रंग बघून कुत्रंसुद्धा चुकणार नाही."

धाकटीनं यार्मिलाच्या हातातला डबा घेतला, कारण यार्मिलाला आता बोलायलाही दम उरला नव्हता. आता चौघं झाली. एकविसावं, बाविसावं. झाडं विरळ झाली, समोर उघडं कुरण आलं, कुरणाच्या टोकाला मोठं लिंडनचं झाड आणि त्याच्याखाली दगडी क्रूस. तिथं तीन वाटा फुटत होत्या. पलीकडे लिपकोवचं स्टेशन दिसत नव्हतं, मध्ये झाडीचं टेकाड होतं.

इथं चौकोन नव्हता. असणार नव्हताच. ऑक्टोबरात ते दोघं इथं भांडले होते. लिंडन तीनशे वर्षांचं, सरकारनं जपलेलं, त्यावर रंग लावायला बंदी. वोयता म्हणाला होता, खांब क्रूसाजवळ रोवू. ब्लाझेना म्हणाली होती, क्रूसाजवळ रोवलास तर येणाऱ्याला तो लिंडनच्या बुंध्याआड जाईल. "तू खांब धर, मी कुरणाच्या टोकाला जाऊन बघते," असं ती म्हणाली होती. पण तिला दम लागला होता, म्हणून ते घरी परतले होते. खांब वसंतात रोवायचं ठरलं होतं. एप्रिलात वोयता एकटाच आला तेव्हा जाणाऱ्यांसाठी त्यानं अलीकडच्या कुंपणाच्या खांबावर खूण करून वेळ मारून नेली होती.

"आता?" थोरली बहीण म्हणाली. मागे कुरणावर माणसांची रांग उतरायला लागली होती. रांगेत पुढेच स्लावीकची ताठ मान दिसत होती.

यार्मिला पुढे गेली. क्रूसाच्या डावीकडे, कुरणावरून सरळ दिसेल अशा जागी तंगड्या फाकून उभी राहिली. तिच्या पांढऱ्या एप्रनवर वोयतानं धावता धावता सांडलेला पिवळा आडवा पट्टा होताच. तिनं डावा हात लांब केला.

"लिपकोव इकडे!" ती ओरडली. "बिअर इकडे! गुलाश इकडे! तिकडे गेलात तर डुकरांचा गोठा!"

बहिणी डबे घेऊन टेकाडावरच्या उरलेल्या तीन झाडांकडे पळाल्या, आणि रांग हसत हसत उजवीकडे वळली. एकही माणूस चुकला नाही. स्लावीक मात्र थांबले. त्यांनी यार्मिलाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग वोयताकडे वळून तर्जनी दाखवली. ती पिवळी होती.

"पेशेक, रंग ओला आहे."

"हो, साहेब. ताजा आहे."

"किती ताजा?"

"तुमच्यापेक्षा दहा मिनिटांनी पुढे."

मागून द्राहोश येऊन पोचला होता. त्याला सगळं एकदम कळलं आणि तो क्रूसाकडे बघू लागला, जणू खून त्यानंच केला होता.

"अहवालावर तुमची सही आहे," स्लावीक त्याला म्हणाले. "दोन्ही बाजू पूर्ण, असं लिहिलंय."

"मी बाजू बघितली ती बिअरच्या पेल्याची, साहेब," द्राहोश खाली बघत म्हणाला.

वोयतानं काही लपवलं नाही. फोन, एप्रिल, एकट्यानं रंगवणं, ऑक्टोबरातले चौकोन, सगळं सांगितलं. स्लावीक ऐकत राहिले. मग म्हणाले, "खाणीपाशी ती खूण बारक्या ओकवर कुणी घातली? मी असतो तर पाइनवर घातली असती. आणि पाइनवर असती तर मी खाणीत गेलो असतो."

"ती माझ्या बायकोची."

स्लावीकनी वही उघडली. दोनशे चाळीस माणसांतली अर्धी तरी भोवती गोळा झाली होती. स्लावीकनी लिहिलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. वाट नकाशात घ्यावी. ओघळलेल्या खुणा साचा लावून पुन्हा कराव्यात. क्रूसापाशी खांब रोवावा.

"या बाई कायमच्या इथं उभ्या राहणार नसतील तर," ते म्हणाले.

"राहीन की," यार्मिला म्हणाली, "क्लब मला खुर्ची देणार असेल तर."

मग जो गलका उठला त्यात कुत्रीसुद्धा भुंकायला लागली. द्राहोशनं वोयताला उचललं आणि लगेच खाली ठेवलं, कारण त्याची पाठ दुखते. त्या दिवशी बिअरखान्यात गुलाश दोन वाजताच संपलं. लोकांच्या जाकिटांवर, पिशव्यांवर, गालांवर पिवळं लागलेलं होतं. यात्रा पुरी केल्याचा शिक्का वहीवर मारून घ्यायला वोयताच्या टेबलाशी आलेला प्रत्येक जण आपला डाग दाखवत होता. कुणीही तक्रार केली नाही. ब्र्नोच्या थोरल्या बहिणीनं शिक्क्याच्या वहीवर शिक्क्याऐवजी स्वतःचा पिवळा अंगठा उठवला. वोयता हसला. हसताना त्याला लाज वाटली, मग वाटली नाही.

नकाशा जुलैत आला. कोपनीनावरून जाणारी बारीक पिवळी रेघ आहे आणि क्रूसाचं चिन्हही आहे. ओघळलेल्या पंचवीस खुणा वोयतानं आणि यार्मिलानं जूनमध्येच साचा लावून सरळ केल्या. ती अजूनही पांढराच लावते. खांब ओकचा आहे. तो कुठं रोवायचा ते ठरवायला यार्मिलानं तो धरला आणि वोयता कुरणाच्या टोकाला जाऊन बघून आला. खांब आता क्रूसाच्या डावीकडे उभा आहे, आणि जाणाऱ्यांसाठीची खूण त्यावर आहे.

कुरणाकडच्या, ब्लाझेनाच्या बाजूला वोयतानं तळहाताएवढा चौकोन खरवडून ठेवलाय. ती खूण रंगवायची अजून राहिली आहे.